साल दिसू द्या

पांढरकवड्याच्या कोलाम समाजावर प्रकल्प लिहिताना रसेल आणि हिरालाल यांचा जाती-जमातींवरचा ग्रंथ हाती येतोच. चार खंड, लंडन, १९१६. त्यातली माहिती ‘कोलाम असे असतात’ म्हणून उतरवू नका. ते इंग्रजी अमलातल्या अधिकाऱ्यांचं निरीक्षण आहे, हे वाचणाऱ्याला कळलंच पाहिजे. संदर्भ देताना एपीए शैलीत मजकुरातच कंसात आडनावं आणि साल येतं. एमएलए शैलीत सालाऐवजी पान क्रमांक. अशा विषयाला मला एपीएच बरी वाटते, जुनेपण लगेच दिसतं. मार्गदर्शकांनी दुसरी सांगितली तर ती घ्या, पण शेवटपर्यंत एकच ठेवा. आणि पोडावरच्या, म्हणजे कोलाम वस्तीवरच्या, आजींनी सांगितलेलं? तोही संदर्भच. त्यांना विचारून नाव, पोड आणि तारीख तिथल्या तिथे वहीत टिपा.