दोन वर्षांची पदवी : मुक्काम की पायरी ?

(शिक्षक, शासकीय कर्मचारी आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



महाविद्यालयात प्रवेश घेतलेला प्रत्येक विद्यार्थी पदवी घेऊनच बाहेर पडतो, असे नाही. कोणाच्या वडिलांना आजारपण येते, कोणाच्या घरी शेतीकडे पाहण्यास माणूस उरत नाही, तर एखाद्या मुलीचे लग्न ठरते आणि तिचे शिक्षण तेथेच थांबते. कला शाखेची दोन वर्षे पुरी केलेल्या अशा विद्यार्थ्याने नोकरीच्या अर्जात लिहावयाचे तरी काय ? 'एस. वाय. बी. ए. पर्यंत' एवढे चार शब्द. दोन वर्षे अभ्यास केला, परीक्षा दिल्या, परंतु व्यवहारात त्याची गणना बारावी उत्तीर्णातच होते. श्रम वाया गेले, याचे दुःख त्या विद्यार्थ्याला असते. पालकाने केलेला खर्चही वाया गेला, याची रुखरुख घराला असते.

जुन्या पिढीतील श्रोत्यांना 'इंटर आर्ट्स'ची परीक्षा आठवत असेल. मॅट्रिकनंतर दोन वर्षांनी येणारा तो एक मान्य टप्पा होता. १९७० च्या दशकात दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध महाराष्ट्रात आला आणि तो टप्पा इतिहासजमा झाला. पुढे सुमारे अर्धशतकाने, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे, पदवीच्या वाटेवर दोन वर्षांचा टप्पा पुन्हा आला आहे. तेव्हा दोन वर्षांच्या शिक्षणात काय असले म्हणजे ते पुरे म्हणावे आणि त्याची किंमत कोणी मान्य करावी, हे दोन प्रश्न आपल्यापुढे आहेत. या प्रश्नांशी अमेरिका शंभराहून अधिक वर्षे झगडत आहे. तिचे यश आणि तिची चूक, दोन्ही आपल्याला उपयोगी पडण्याजोगी आहेत.

सहा विद्यार्थ्यांपासून प्रारंभ

शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी चार वर्षांच्या पदवी शिक्षणाचे दोन भाग कल्पिले. पहिली दोन वर्षे सर्वसाधारण ज्ञानाची, पुढील दोन विशेष अध्ययनाची. पहिला भाग विद्यापीठातच झाला पाहिजे असे नाही, तो विद्यार्थ्याच्या गावाजवळही होऊ शकतो, हा या कल्पनेचा गाभा होता. इलिनॉय राज्यात शिकागोच्या नैर्ऋत्येस असलेल्या जोलिएट या गावी माध्यमिक शाळेचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राऊन यांनी ही कल्पना उचलून धरली. १९०१ मध्ये तेथे दोन वर्षांचे महाविद्यालय सुरू झाले, ते अवघ्या सहा विद्यार्थ्यांनिशी. ते आजही चालू आहे. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणासाठी १९४४ मध्ये कायदा झाला. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशा संस्थांना 'सामुदायिक महाविद्यालय' हे नाव देऊन त्यांचे जाळे देशभर पसरावे, अशी शिफारस केली. आज अमेरिकेत अशी सुमारे एक हजार महाविद्यालये आहेत.

पंचायत सदस्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. इलिनॉयमध्ये या महाविद्यालयांचा कारभार बहुतेक ठिकाणी त्या त्या जिल्ह्यातील मतदारांनी निवडून दिलेल्या सात विश्वस्तांचे मंडळ पाहते आणि खर्चाचा एक वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो. महाविद्यालय हे गावकऱ्यांचे आहे, त्याचा हिशेब गावकऱ्यांनी मागावयाचा आहे, ही जाणीव त्या व्यवस्थेतच गुंफलेली आहे.

साठ श्रेयांकांचा हिशेब

या महाविद्यालयांत कला शाखेची जी दोन वर्षांची पदवी मिळते, तिला 'असोसिएट इन आर्ट्स' म्हणतात. तिच्यासाठी सामान्यतः किमान ६० श्रेयांक मिळवावे लागतात. एक श्रेयांक म्हणजे सुमारे पंधरा आठवड्यांच्या सत्रात दर आठवड्यास वर्गातील एक तास आणि त्याच्या जोडीला वर्गाबाहेरील सुमारे दोन तासांचा अभ्यास. तीन श्रेयांकांचा एक विषय धरल्यास वीस विषय होतात. चार सत्रांत ते विभागले म्हणजे दर सत्रास पाच विषय येतात.

तथापि साठ श्रेयांक कसेही गोळा करून चालत नाही. इलिनॉय राज्याने सामायिक ज्ञानाचा एक गाभा ठरवून दिला आहे. त्यात १२ ते १३ विषय आणि ३७ ते ४१ श्रेयांक येतात. संज्ञापनाचे तीन विषय सक्तीचे आहेत : दोन लेखनाचे आणि एक भाषणाचा. मानव्यविद्या व ललित कला यांचे तीन, सामाजिक शास्त्रांचे तीन, गणिताचा एक किंवा दोन आणि विज्ञानाचे दोन. विज्ञानाच्या दोन विषयांपैकी एक जीवशास्त्राच्या बाजूचा, दुसरा भौतिक शास्त्रांच्या बाजूचा, आणि त्यांत प्रयोगशाळेतील काम आवश्यक. उरलेले सुमारे वीस श्रेयांक विद्यार्थ्याने आपल्या आवडीच्या विषयास द्यावयाचे. चार गुणांच्या मापनात एकंदर सरासरी किमान दोन असावी लागते आणि ठरावीक श्रेयांक त्याच महाविद्यालयात मिळवावे लागतात.

कला शाखेच्या विद्यार्थ्यास गणित आणि प्रयोगशाळा कशासाठी, असा प्रश्न आपल्याकडे लगेच विचारला जाईल. त्याचे उत्तर सोपे आहे. हा विद्यार्थी दोन वर्षांनी थांबला, तर पुढील आयुष्यात कर्जाच्या व्याजाचा हिशेब त्याला करावयाचा आहे, पाण्याच्या तपासणीचा अहवाल त्याला वाचावयाचा आहे, सभेत उठून चार वाक्ये नेटकी बोलावयाची आहेत आणि कचेरीस अर्ज लिहावयाचा आहे. जो कदाचित पुन्हा वर्गात येणार नाही, त्याला या गोष्टी आधीच मिळाल्या पाहिजेत. आणि जो पुढे जाणार आहे, त्यालाही पाया म्हणून त्याच उपयोगी पडतात.

बोलणे हा अभ्यासाचा विषय

संज्ञापन हाच मुख्य विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याचे उदाहरण कॅलिफोर्निया राज्यातून घेता येईल. तेथे मुख्य विषयाला किमान १८ श्रेयांक दिलेले असतात. सार्वजनिक भाषण हा पहिला विषय. नंतर वादविवाद व युक्तिवाद, परस्परसंवाद, लहान गटातील चर्चा यांमधून निवड. पुढे भिन्न संस्कृतींमधील संवाद, जनसंज्ञापन, साहित्याचे अभिवाचन अशा विषयांतून निवड. सोबत मानववंशशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र किंवा वृत्तविद्या यांपैकी एखाद्या विषयाची जोड. भाषणाच्या विषयात केवळ पुस्तक वाचून उत्तीर्ण होता येत नाही. श्रोत्यांसमोर उभे राहून बोलावे लागते आणि शिक्षक त्याचे मूल्यमापन करतात.

आपल्या ग्रामसभांचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना या सक्तीचे मोल वेगळे सांगावयास नको. प्रश्न ठाऊक असतो, उत्तरही ठाऊक असते, परंतु उठून बोलण्याचे धैर्य आणि सवय नसते. ही सवय शिकवून लावता येते, हे या अभ्यासक्रमांनी गृहीत धरले आहे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. असोसिएट इन आर्ट्स ही पदवी मुख्यतः पुढे चार वर्षांच्या पदवीकडे जाणाऱ्यांसाठी आहे. तिच्याच शेजारी 'असोसिएट इन अप्लाइड सायन्स' ही दुसरी पदवी आहे. छायाचित्रण, आरेखन, चित्रफीतनिर्मिती यांसारखी हाताची कौशल्ये शिकून लगेच कामाला लागू इच्छिणारा विद्यार्थी ती घेतो. तिच्यात सामान्य ज्ञानाचे विषय कमी व व्यवसायाचे अधिक असतात. साहजिकच तिचे सर्व श्रेयांक पुढील विद्यापीठ स्वीकारीलच असे नसते. दोन्ही पदव्या दोन वर्षांच्याच, पण त्यांच्या वाटा भिन्न आहेत. हा भेद प्रवेशाच्या दिवशी समजला नाही, तर दोन वर्षांनंतर तो पश्चात्तापाचे कारण होतो.

पूल कोठे तुटतो ?

आता अमेरिकेच्या चुकीकडे वळू. सामुदायिक महाविद्यालयात येणाऱ्या दहापैकी सुमारे आठ विद्यार्थ्यांना पुढे चार वर्षांची पदवी घ्यावयाची असते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार प्रत्यक्षात शंभरापैकी सुमारे ३३ विद्यार्थी पुढील विद्यापीठात पोचतात आणि सहा वर्षांच्या आत पदवी मिळते ती सुमारे सोळांना. एका संस्थेतून दुसरीत जाताना काय घडते, हे तेथील केंद्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ च्या अहवालात नोंदविले. सर्व प्रकारच्या संस्थांतील बदलांचा एकत्र विचार केला, तर विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक वाया गेले होते.

याची कारणे विद्यार्थ्याच्या आळसात नाहीत. पहिल्या संस्थेने शिकविलेला विषय दुसरी संस्था आपल्या विषयाच्या बरोबरीचा मानीत नाही, किंवा मानला तरी मुख्य विषयात न धरता ऐच्छिकात टाकते. विद्यार्थ्याच्या हाती साठ श्रेयांकांची पदवी असूनही त्यास मागील विषय पुन्हा शिकावे लागतात. गरीब घरच्या विद्यार्थ्याला एक अधिक वर्षाचा भार सोसत नाही आणि तो शिक्षण सोडतो.

यावर उपाय म्हणून कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये कायदा केला. दोन वर्षांत ठरावीक साठ श्रेयांकांची विशिष्ट पदवी मिळविणाऱ्यास राज्य विद्यापीठ व्यवस्थेत प्रवेशाची हमी देण्यात आली. समान विषयात पुढे जाणाऱ्यास उरलेल्या साठ श्रेयांकांत पदवी पुरी करता यावी, अशी तरतूद झाली. विशिष्ट शहरातीलच महाविद्यालय मिळेल अशी हमी त्यात नाही. तथापि केलेला अभ्यास मोजला जाईल, हे वचन राज्याने दिले. आज संज्ञापन या विषयातही अशी पदवी तेथे मिळते. श्रेयांकांचे मोल ते स्वीकारणाऱ्या संस्थेच्या मान्यतेवर ठरते, हा धडा अमेरिका शंभर वर्षांनी शिकली.

आपल्याकडील चौकट

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षानंतर ४० श्रेयांकांवर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर ८० श्रेयांकांवर पदविका, तिसऱ्या वर्षानंतर १२० श्रेयांकांवर पदवी आणि चौथ्या वर्षानंतर १६० श्रेयांकांवर ऑनर्स पदवी, अशी रचना आहे. मध्येच बाहेर पडणाऱ्यास चार श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रमही पुरा करावा लागतो. बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यास तीन वर्षांच्या आत परत येण्याची आणि एकूण सात वर्षांच्या मर्यादेत पदवी पूर्ण करण्याची मुभा आहे. श्रेयांकांची नोंद ठेवण्यासाठी २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक पेढीचे नियम झाले. महाराष्ट्रात हे धोरण स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले.

येथे दोन वर्षांनंतर मिळते ती पदविका होय, पदवी नव्हे. ज्या पदासाठी पदवीधर हवा, तेथे ती चालणार नाही, हे पालकांस स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु ती निरर्थकही नाही. परत येण्याचे दार ती ठरावीक काळ उघडे ठेवते. त्या काळाचे भान मात्र हवे.

आपण काय करू शकतो ?

शिक्षकांनी बारावीच्या वर्गातच श्रेयांकांचा हिशेब समजावून द्यावा. भाषेचे, कौशल्याचे आणि मूल्यशिक्षणाचे विषय हे 'जास्तीचे ओझे' नसून थांबावे लागल्यास हाती राहणारी शिदोरी आहे, हे पटवून द्यावे. महाविद्यालय सोडू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने श्रेयांक पेढीत आपली नोंद झाली आहे ना, चार श्रेयांकांची अट पुरी झाली आहे ना, हे पाहूनच बाहेर पडावे, असा आग्रह धरावा.

अधिकाऱ्यांनी पदविकेच्या पात्रतेचा उल्लेख जेथे शक्य तेथे सुस्पष्ट करावा, म्हणजे उमेदवार संभ्रमात राहणार नाही. महाविद्यालय बदलणाऱ्यास कोणते श्रेयांक कोठे धरले जातील, याचे उत्तर तोंडी नव्हे, लेखी मिळावे.

पंचायत सदस्यांचे काम सर्वांत जवळचे. गावात दुसऱ्या वर्षानंतर शिक्षण थांबलेली मुले-मुली किती, त्यांपैकी तीन वर्षांची मुदत कोणाची संपत आली आहे, याची साधी यादी ग्रामपंचायतीत ठेवता येईल. लग्न होऊन गावात आलेल्या सुनेचे नावही त्या यादीत असावे. तिच्या माहेरच्या महाविद्यालयातील ८० श्रेयांक सासरच्या गावाजवळच्या महाविद्यालयात मोजले गेले, तर दोन वर्षांचे तिचे श्रम सार्थकी लागतील.

जोलिएटला सहा विद्यार्थ्यांसाठी वर्ग भरला, तेव्हा विद्यार्थ्याच्या गावाजवळच शिक्षणाची सोय व्हावी, एवढाच साधा विचार त्यामागे होता. टप्पा शासनाने आखून दिला आहे. त्या टप्प्यावर थांबलेल्या मुलाला वा मुलीला पुढची पायरी दाखविणारे माणूस गावात असणे, हे आता आपल्या सर्वांच्या हाती आहे.