सरहद्दीवरच्या राज्याकडून आपण काय शिकावे?

(वार्षिक सहभागिता मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात आपण आपल्या पाड्यांवरच्या कामाचा अहवाल ऐकतो. तो अहवाल तुमच्या हाती दिलेला आहे. आज मला थोडे दूरचे बोलायचे आहे. अरुणाचल प्रदेशाविषयी. आदिवासींच्या सेवेविषयी आपल्या देशात जो सर्वांत मोठा विचार झाला, तो त्या डोंगरांत झाला, आणि त्या विचाराचा एक धागा आपल्या पुण्यातून गेलेला आहे.

इंग्रजांच्या काळी हा प्रदेश म्हणजे निव्वळ सरहद्द होती. 1873 च्या कायद्याने त्यांनी 'इनर लाइन' आखली. परवान्याशिवाय बाहेरच्या माणसाने ती रेषा ओलांडायची नाही. हेतू मुख्यतः चहाच्या मळ्यांचा आणि व्यापाराचा बंदोबस्त हा होता. पण आदिवासींच्या जमिनी त्यामुळे वाचल्या, हेही खरे. स्वातंत्र्यानंतर 1954 मध्ये या भागाला 'नॉर्थ ईस्ट फ्रंटियर एजन्सी', म्हणजे 'नेफा' असे नाव मिळाले. गंमत पाहा, आपल्याच देशातला हा मुलूख, पण कारभार परराष्ट्र खात्याकडे! 1965 पर्यंत तसेच चालले.

1953 साली अचिंगमोरी या ठिकाणी तागिन जमातीच्या लोकांनी सरकारी तुकडीवर हल्ला केला. चाळीसहून अधिक माणसे मारली गेली. सूड घ्या, गावे जाळा, अशी मागणी झाली. पंडित नेहरूंनी ती मानली नाही. गुन्हेगारांना पकडून त्यांच्यावर रीतसर खटला चालवला गेला. सबंध जमातीला शिक्षा झाली नाही. सत्ता हाती असताना हात आवरणे किती कठीण, हे आपल्यापैकी ज्यांनी कधी कुठे अधिकार चालवला आहे त्यांना ठाऊक आहे.

आता पुण्याचा धागा. ऑक्सफर्डला शिकलेले एक तरुण अँग्लिकन धर्मगुरू 1927 मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले. त्यांचे नाव व्हेरिअर एल्विन. गांधीजींच्या सहवासाने ते बदलले, मध्य प्रांतात गोंडांमध्ये जाऊन राहिले आणि पुढे त्यांनी मंडळीच सोडली. 1954 मध्ये ते नेफाचे आदिवासीविषयक सल्लागार झाले. मिशनरी आदिवासींची संस्कृती मोडतात, असे त्यांचे म्हणणे होते. हे ऐकून आपल्याला बरे वाटत नाही. पण टीका करणारा आपल्याच घरातून गेलेला असतो, तेव्हा ती जास्त लक्ष देऊन ऐकावी, असे माझे मत आहे.

एल्विन यांच्या नेफाविषयीच्या पुस्तकाला नेहरूंनी 1958 साली प्रस्तावना लिहिली. तिच्यात पाच सूत्रे आहेत. माझ्या शब्दांत सांगते. लोकांनी आपल्या प्रकृतीप्रमाणे वाढावे, आपण काही लादू नये. जमीन आणि जंगल यांवरचे त्यांचे हक्क जपावेत. कारभारासाठी त्यांच्यातलीच माणसे तयार करावीत. योजनांचा भडिमार न करता त्यांच्या स्वतःच्या संस्थांमधून काम करावे. आणि पाचवे, मला सर्वांत आवडणारे: कामाचे यश आकड्यांवरून किंवा खर्च झालेल्या पैशावरून मोजू नये, माणूस कसा घडला यावरून मोजावे.

त्यांच्या स्वतःच्या संस्था होत्याच. आदी लोकांची 'केबांग' ही गावसभा प्रसिद्ध आहे. वडीलधारे बसतात, बोलत राहतात, एकमत होईपर्यंत उठत नाहीत. परंपरेने तिथे बायकांना फारसा आवाज नव्हता, हे मी बाई म्हणून सांगितलेच पाहिजे. दाइंग एरिंग या आदी नेत्याच्या समितीने या गावसभांच्या पायावर पंचायत उभारण्याची शिफारस केली आणि 1967 च्या कायद्याने पंचायत राज्य आले. 1972 मध्ये केंद्रशासित प्रदेश होऊन 'अरुणाचल प्रदेश' हे नाव मिळाले. 1978 मध्ये विधानसभेची पहिली निवडणूक झाली आणि 20 फेब्रुवारी 1987 रोजी पूर्ण राज्य झाले.

इतका चांगला पाया घातल्यावर इमारत कशी झाली? इथे जरा थांबून पाहू या.

1962 च्या चीन युद्धानंतर सावकाशीचे धोरण मागे पडले. रस्ते, छावण्या, कचेऱ्या, शाळा भराभर आल्या. गरज होतीच. पण जवळजवळ सगळा पैसा दिल्लीहून येऊ लागला. राज्याचे स्वतःचे उत्पन्न थोडे, त्यामुळे दिल्लीत जे सरकार, तेच आपलेही असावे, ही सवय राजकारणाला लागली. सप्टेंबर 2016 मध्ये काँग्रेसच्या 44 पैकी 43 आमदारांनी एकदम पक्ष सोडला आणि त्याच वर्षअखेर त्यांतील बहुतेक जण आणखी एका पक्षात गेले. 2024 मध्ये 60 पैकी 10 जागांवर निवडणूकच झाली नाही. उमेदवार बिनविरोध आले. मी कोणत्याही पक्षाविषयी बोलत नाही. वेगवेगळ्या पक्षांच्या काळात हेच घडले आहे. एकमताची जुनी चांगली रीत पैशाच्या ओघात सापडली, तर तिचे असेही रूप होते.

आणि मंडळी? परदेशी मिशनऱ्यांना नेफात प्रवेश नव्हता. आसामात शिकायला गेलेली तिथलीच मुले विश्वास घेऊन घरी परतली. 1978 मध्ये जबरदस्ती किंवा आमिष दाखवून धर्मांतर करण्यास बंदी घालणारा कायदा झाला. तरी 2011 च्या जनगणनेत राज्यात सुमारे 30 टक्के लोक ख्रिस्ती होते. या कायद्यावर तिथे आजही वाद चालू आहे. विश्वासणाऱ्यांना त्याची भीती वाटते; दोन्यी-पोलो, म्हणजे सूर्य-चंद्राला मानणाऱ्यांना आपली परंपरा बुडेल अशी भीती वाटते. दोन्ही भीती खऱ्या माणसांच्या आहेत. एकाच घरात एक भाऊ प्रार्थनेला जातो आणि दुसरा गांगिंगला, म्हणजे दोन्यी-पोलोच्या प्रार्थनाघरात. त्या घरात शांती राहावी, ही जबाबदारी दोघांचीही आहे.

बंधुभगिनींनो, हे सगळे मी का सांगितले? कारण आपला प्रत्येक पाडा म्हणजे एक छोटी सरहद्द आहे. तिथे बाहेरून पैसा नेणारे आपण आहोत. वीस वर्षे या कामात मी एक गोष्ट पाहत आले आहे. एका पाड्यावर कुणा संस्थेने न विचारता शौचालये बांधून दिली. पाणी दीड किलोमीटरवर. आज तिथे लाकूडफाटा आणि कोंबड्या असतात. अहवालात मात्र ती 'पूर्ण' आहेत. दुसऱ्या पाड्यावर बायकांनी ग्रामसभेत भांडून आधी विहीर मागितली. विहीर लहान आहे, पण गाळ काढायला दर उन्हाळ्यात सगळे गाव उतरते.

आपल्याकडे पेसा कायदा 1996 पासून आहे. महाराष्ट्रात 2015 पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी पेसा गावांना थेट मिळतो आणि तो कशावर खर्चायचा ते ग्रामसभा ठरवते. सरकार जर लोकांवर इतका विश्वास टाकू शकते, तर मंडळीने त्याहून कमी टाकावा काय?

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, पुढच्या वर्षीचे कोणतेही नवे काम ग्रामसभेत चर्चा झाल्याशिवाय सुरू करू नये, मग देणगीदाराला थोडे थांबावे लागले तरी चालेल. दुसरी, आपल्या मदतीला विश्वासाची अट कधीही नसावी, आणि तसा संशयही कुणाला येऊ नये. प्रभू येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले, परत आला एकच. उरलेल्या नऊ जणांचे आरोग्य त्याने काढून घेतले नाही. तिसरी, पाड्यावरच्या दोन मुलींना हिशेब आणि ग्रामसभेचे काम शिकवून तयार करावे, म्हणजे आपण गेलो तरी काम अडणार नाही.

या तीन गोष्टींमुळे आपल्या अहवालातले आकडे कदाचित कमी होतील. कृपा करून त्यासाठी आम्हांला रागावू नका, आमच्यासाठी प्रार्थना करा. अरुणाचलातल्या मंडळ्यांसाठी आणि त्यांच्या शेजाऱ्यांसाठीही प्रार्थना करा.

देव आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.