गाडी जुनी, कर्ज नवं



कारखान्यांचे बॉयलर पेटायचे दिवस आले, की आमच्या बचत गटांच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. शेळी, शिलाई मशीन, पिठाची गिरणी यांची कर्जं वर्षभर चालूच असतात. पण दसरा-दिवाळीच्या सुमाराला एखादी ताई हळूच म्हणते, “आमच्या यांना गाडी घ्यायचीय.” हे यजमान आठ-दहा वर्षं दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर असतात. वांबोरीचा कांदा, शिवारातला ऊस, खताची पोती, सगळं वाहून झालेलं. नगर-मनमाड रस्त्याचा खड्डा न् खड्डा पाठ. नवा ट्रक आवाक्यात नाही, म्हणून जुना बघायचा. चालवण्यात ते पक्के असतात, त्यात शंका नाही. पण गाडी चालवणं वेगळं आणि गाडी पोसणं वेगळं. हे दुसरं काम आजवर शेठ करत होता.

यात आपण बायकांनी काय बोलायचं, असं वाटेल. तर पैसा कुठून उभा राहतो ते बघा. थोडा गटातून, थोडा बँकेनं गटाला दिलेल्या कर्जातून, उरलेला गळ्यातलं गहाण ठेवून. सह्या आपल्या. हप्ता थकला तर बैठकीत मान खाली आपली. आणि आरसी बुकावर नाव त्यांचं, किंवा त्यांचंही नाही, जुन्या मालकाचंच.

हो, जुन्या मालकाचंच. स्टँपपेपरवर लिहून घ्यायचं, चावी घ्यायची आणि दोन-दोन वर्षं तशीच गाडी पळवायची, ही पद्धत आपल्याकडे फार आहे. मोटार वाहन कायदा सांगतो, की राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० असतात. गाडीवर आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५ फायनान्सवाल्याच्या सही-शिक्क्यासह हवा. आपल्या तालुक्याचं काम श्रीरामपूरच्या आरटीओत, म्हणजे एमएच १७. गाडी एमएच १६ची किंवा आणखी लांबची असेल तर तिथल्या कार्यालयाचा ना हरकत दाखला, फॉर्म २८, आधी मागायचा. स्टँपपेपर हा या कशाचाच पर्याय नाही.

नाव बदललं नाही तर काय बिघडतं? कागदावर तुम्ही मालकच नसता. जुन्या मालकाचे हप्ते थकले असतील तर फायनान्सवाले गाडी ओढून नेतात, आणि तुमचे पैसे तुम्ही त्याच्याकडून वसूल करायचे. जुन्या मालकालाही हे महागात पडतं. अपघाताच्या भरपाईसाठी आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव तोच मालक, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली दिला आहे. विकणारा टाळाटाळ करायला लागला, की हे त्याला सांगा. पुष्कळदा तो स्वतःच श्रीरामपूरला यायला तयार होतो!

नावासोबत विमाही आपल्या नावावर करायचा. त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज द्यावा लागतो, नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. विम्याचा खर्च सौद्याच्या वेळी कुणी धरत नाही. २०२२च्या सरकारी दरानुसार नुसता तिसऱ्या व्यक्तीचा विमा १२ ते २० टन एकूण वजनाच्या मालगाडीला वर्षाला ३५,३१३ रुपये होता, वर कर. एवढी रक्कम एकदम काढायची म्हटल्यावर घरात कुरकुर होते, आणि तिथेच घात होतो.

आता आरसीवर नाव कुणाचं, हा प्रश्न. आमचं मत स्पष्ट आहे. कर्ज जिच्या नावावर, गाडी तिच्या नावावर. घरात थोडी नाराजी होईल. मालकाला मालक म्हणायची सवय, त्यात गाडीची मालकीण कुठून आली! पण हे नाव नुसतं मिरवायचं नाही. विमा संपलेला असताना अपघात झाला तर भरपाईची नोटीसही त्याच नावावर येते, ई-चलनही त्याच नावावर निघतं. म्हणून नाव लावायचं तर विमा, फिटनेस, पीयूसी यांच्या तारखा तुमच्या वहीत हव्यात, आणि तारीख टळली तर गाडी दारात उभी करायचा शब्दही तुमचा चालला पाहिजे. तो चालणार नसेल तर नाव लावू नका, आणि कर्जही काढू नका.

कर्जाचं व्याज नीट विचारा. एजंट म्हणतो, “बारा टक्के, फ्लॅट.” ऐकायला स्वस्त वाटतं. पाच लाख रुपये तीन वर्षांसाठी बारा टक्के फ्लॅटनं घेतले तर व्याज होतं १ लाख ८० हजार, हप्ता जवळपास १८,९००. तेच पाच लाख बारा टक्क्यांनी, पण उरलेल्या मुदलावर व्याज धरून घेतले तर व्याज सुमारे ९८ हजार आणि हप्ता १६,६००. म्हणजे तो बारा टक्के फ्लॅट खरा एकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. गटात आपण फिरत्या मुदलावरच व्याज काढतो, तेव्हा हा हिशेब आपल्याला नवा नाही. फक्त एजंटसमोर बोलायचं धाडस करायचं.

हप्ता बारा महिने, धंदा मात्र बारा महिने नाही. उसाचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. पुढं कांदा असतो, पण कांद्याला भाव नसला की माल चाळीत आणि गाडी दारात. माल टाकून येताना गाडी रिकामी आली तरी डिझेल जळतंच. म्हणून हिशेब करताना चांगला महिना धरू नका, पावसाळ्यातला महिना धरा. त्या महिन्यात हप्ता कशातून देणार, याचं उत्तर असेल तर पुढं जा.

उसासाठी गाडी लावणार असाल तर आणखी एक. कारखान्याशी वाहतुकीचा करार करताना तोडणीच्या टोळीची उचलही बहुतेक वेळा गाडीमालकाच्या अंगावर असते. मुकादमाला पैसे दिले आणि टोळी आलीच नाही, अशी घरं आपल्या जिल्ह्यात गावोगाव सापडतील. गाडीच्या कर्जावर हे दुसरं कर्ज बसतं. पहिल्या वर्षी उचलीच्या करारात पडू नये, नुसत्या भाड्यावर काम बघावं, असं आम्ही सांगतो.

गाडीचं वय बघा. बेंगळुरू-चेन्नईला कांदा न्यायचा तर नॅशनल परमिट लागतं, आणि सहा टायरी, दोन एक्सलच्या गाडीला ते १२ वर्षांपुढं मिळत नाही. तेरा वर्षांची गाडी स्वस्त का मिळतेय, ते यावरून समजावं. शिवाय आठ वर्षांपुढच्या गाडीला फिटनेस दरवर्षी काढावं लागतं.

इंजिन बघायला आपला फिटर न्या, विकणाऱ्याचा नको. सकाळी गार इंजिन चालू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर काहीतरी लपवायचं असतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. उसाच्या गाडीची चेसिस खालून वाकून बघा, वेल्डिंगचे टाके आणि जादा घातलेले पाटे सगळं सांगून जातात. चेसिस नंबर पेन्सिलनं कागदावर घासून उतरवून घ्या आणि आरसीशी ताडून पाहा. हे शेवटचं काम कुणीही ताई करू शकते.

गाडी हा बायकांचा विषय नाही, असं कुणी म्हणालंच तर योगिता रघुवंशी यांचं नाव सांगा. मूळच्या नंदुरबारच्या, वकिलीचं शिक्षण घेतलेल्या. पतीच्या निधनानंतर त्यांनी भोपाळहून स्वतः ट्रक चालवायला घेतला आणि मुलं वाढवली. आपल्याला स्टेअरिंग धरायची गरज नाही, पण वही तरी धरता येईल.

सौदा ठरला की विसार थोडाच द्या. सौदापावतीत चेसिस नंबर, इंजिन नंबर, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहा. त्या वेळेआधीचा सगळा दंड, टॅक्स आणि कर्ज विकणाऱ्याचं, असंही लिहा. थकलेली चलनं गाडीच्या नंबरवरून मोबाईलवर दिसतात, ती त्याच्यासमोर उघडा आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करा. फॉर्म २९, ३० आणि गरज असेल तर ३५ वर सह्या झाल्याशिवाय मोठी रक्कम हातातून सोडू नका. उरलेले पैसे रोख न देता बँकेतून द्या. त्यातली शेवटची रक्कम नव्या नावाची आरसी दिसेपर्यंत आपल्याकडेच राहू द्या.