चौकट घासू की रंगवू?

ऐकता ऐकता घरातल्या एखाद्या दाराच्या चौकटीकडे बघा बरं. काय आहे तिच्यावर, पॉलिश की ऑइल पेंट?

आमचं डोंबिवलीचं घर १९८४ चं. सगळ्या चौकटी चॉकलेटी, थरावर थर चढलेले. गेल्या वर्षी कपाट सरकवताना हॉलच्या चौकटीचा टवका उडाला आणि आत सोनेरी लाकूड दिसलं. सागवान! झालं, माझ्या डोक्यात पॉलिशच बसलं. बाबा म्हणाले, "अगं, रंग आहे तो बरा आहे. फडकं मारलं की काम झालं." मी कशाला ऐकतेय!

सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी रंगाकडे बघितलंच नाही, आधी लाकूड ठोकून बघितलं. कारण पॉलिश पारदर्शक. स्टेन लाकडाला छटा देतो, वर मेलामाइन किंवा पीयूचा थर चढतो, पण रेषा, गाठी, जोड, खिळ्यांची भोकं, सगळं दिसत राहतं. ऑइल पेंट हे सगळं पोटात घेतो. हॉलची आणि बेडरूमची चौकट सागाची निघाली. बाथरूमची खालून कुजलेली. कधीतरी कुणीतरी तिथे भलत्याच लाकडाचा तुकडा जोडलाय. काका म्हणाले, "हिला पॉलिश केलंस तर ठिगळ मिरवशील." म्हणजे बाथरूमला रंगच. सागात मुळातच तेल असतं, तो ओलीला आणि वाळवीला सहसा दाद देत नाही. साध्या लाकडाला मात्र रंगाचं कवच हवंच.

दुसऱ्या दिवशी मी पॉलिश पेपर घेऊन हॉलची चौकट घासायला बसले. तासाभरात फरशीवर चॉकलेटी धूळ, सोफ्यावर धूळ, माझ्या नाकात धूळ. तेवढ्यात काका माप घ्यायला आले आणि दारातूनच ओरडले, "थांब पोरी! ताई येणार ना बाळंतपणाला?"

ताईला सातवा महिना होता. आठवड्यात माहेरी यायची होती.

जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. आमचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. कोरडं घासलं की शिशाची धूळ उडते, हीट गनने जास्त तापवलं की वाफ. पोटातल्या बाळाला आणि लहान मुलांच्या मेंदूला हे फार वाईट. उलट तोच रंग टवका न उडता जागेवर घट्ट बसलेला असेल, तर तसा त्रास देत नाही. त्याला छेडायला गेले होते मी.

बाबा काही बोलले नाहीत. ओल्या फडक्याने फरशी पुसली. तीनदा.

मग चौकटींचा नाद सोडला. टवक्याच्या कडा ओल्या करून हलक्या हाताने बसवल्या, प्रायमर मारला आणि वर पाण्यातला पांढरा इनॅमल. त्याला वास कमी, आणि ऑइल पेंटसारखा तो पिवळा पडत नाही. मुख्य दार तेवढं बिजागऱ्यांतून काढून काकांच्या कारखान्यात पाठवलं. तिथे रिमूव्हर लावून रंग खरवडला, पॉलिश झालं. काय दिसतंय माहितीये! येणारा प्रत्येकजण हात फिरवतो.

भाची आता हॉलची चौकट धरून उभी राहते. पांढऱ्या रंगावर बोटांचे ठसे, कधी खिमटीचे डाग. बाबा फडकं घेऊन मागे मागे.

बाथरूमच्या चौकटीचं काम अजून बाकी आहे, कारण आधी गळती थांबवायचीय. ती कुठून येते ते शोधताना जे रामायण झालं, ते पुढच्या भागात.