मोफत, पण कोणाच्या खिशातून?

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा सारांश)



माझं बालपण धारला गेलं आणि वकिली देवासला झाली. पवारांच्या मागोमाग आपले पूर्वज माळव्यात आले. देवासला तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी एकाच गावात दोन राज्यं होती. त्यामुळे दरबार आणि कचेरी आपल्या घरांना नवी नाही. ‘वकिलीतली सेवा’ हा विषय मंडळाने दिला, तो मी आनंदाने घेतला. पण त्यात माझी एक चूकही सांगणार आहे.

आधी कायद्याचं सांगतो. गरिबाला मोफत कायदेशीर मदत मिळावी, हे ३९-अ कलम १९७६ च्या दुरुस्तीने राज्यघटनेत आलं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. स्त्रिया, मुलं, अपंग, कोठडीतली माणसं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता वकील मिळतो. धार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत. त्यांत बाकीच्या स्त्रिया मिळवा, म्हणजे हा हक्क किती मोठा आहे ते कळेल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करायचा किंवा १५१०० वर फोन करायचा.

पण हे फार थोड्यांना ठाऊक असतं. बागलीकडची एक बाई नवऱ्याच्या जामिनासाठी माझ्याकडे आली, तेव्हा पदराच्या गाठीत परतीच्या बसपुरतेच पैसे होते. मी फी घेतली नाही. पुढे अशी कामं वाढत गेली. गावात नाव झालं, सत्कार झाले. खोटं कशाला बोलू, ते आवडतही होतं.

त्या फायली रात्री जागून तयार करायचा माझा ज्युनिअर. आपल्यातलाच मुलगा. त्याला मी ठरावीक असं काहीच देत नव्हतो. शिकायला मिळतंय, हेच मानधन, असं आमच्या पिढीत चालायचं. रविवारीही ऑफिस उघडं. एकदा तो तापाने पडला, तेव्हा त्याची आई आली. म्हणाली, “काका, तुम्ही गरिबांची कामं फुकट करता, चांगलंच आहे. पण खोलीचं भाडं तो अजून घरून मागवतो.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. महिन्याभरात त्याने वकिली सोडली, ती कायमची. हुशार होता. मोफत काम मी करत होतो, किंमत तो मोजत होता.

बार कौन्सिलच्या नियमात गरिबाला मोफत मदत हे वकिलाचं मोठं कर्तव्य मानलं आहे. पण ते स्वतःच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, असंही तिथेच लिहिलं आहे. ते शब्द मी तोवर लक्ष देऊन वाचलेच नव्हते.

त्यानंतर एक तारखेला ज्युनिअरला पैसे, रविवारी ऑफिसला कुलूप आणि मोफत कामं झेपतील तेवढीच, असा शिरस्ता ठेवला. बाकीच्यांना प्राधिकरणाकडे पोहोचवू लागलो, कारण तिथल्या वकिलाला मानधन मिळतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरला शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये महिना द्यावेत, अशी शिफारस केली. ती सक्ती नाही, म्हणूनच आपली जबाबदारी जास्त.

विश्रांतीने काम बुडतं, असं देवासकरांनी तरी म्हणू नये. १९४८ साली कुमार गंधर्व क्षयाने आजारी होते, तेव्हा हवापालटासाठी इथे आले. काही वर्षं गाणं बंद होतं. पुढे ते काय गायले, हे तुम्हाला मी काय सांगणार!

दोन विनंत्या करून थांबतो. घरी कामाला येणाऱ्या बाईंना १५१०० हा नंबर लिहून द्या. आणि ज्यांचं ऑफिस, दवाखाना किंवा पेढी असेल, त्यांनी आपली सेवा कोणाच्या खिशातून होते आहे, हे एकदा घरी जाऊन तपासा.

गणपती बाप्पा मोरया!