जुन्या वस्तूंचे दुकान आणि नवा उंबरठा

(सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी गोड बोलावे असा रिवाज आहे. पण आम्ही पडलो मास्तर. चूक दिसली की लाल खूण केल्यावाचून राहवत नाही. आज ती खूण आमच्या स्वतःच्याच वहीत करावयाची आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एका मुलाला आम्ही हौसेने एका कपडेवाटपास नेले. भाड्याची खोली सुटल्यापासून त्याचे कुटुंब बसस्थानकाच्या आडोशाला राहत होते. व्यासपीठावरून नाव पुकारले गेले, हाती सदरा आला, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. तो सदरा त्याच्या अंगावर आम्हांस कधीच दिसला नाही. पुढे तो मुलगाही शाळेत दिसेनासा झाला. सदरा चांगला होता; देण्याची रीत चुकली होती, आणि ती आमची चूक होती.

मग कसे द्यावे? या प्रश्नाचे एक उत्तर फ्रान्समध्ये सापडते. १९४९ साली पॅरिसजवळ आबे पिएर या धर्मगुरूने आपल्या मोठ्या, पडक्या घरात निराधारांना थारा देण्यास आरंभ केला. पहिला आला तो तुरुंगातून सुटलेला, जिवावर उदार झालेला मनुष्य. त्याला भीक घालण्याऐवजी, इतरांसाठी घरे उभारण्याच्या कामी हात दे, अशी विनंती त्यांनी केली. मागणारा त्या क्षणी देणारा झाला. हीच ‘एमाऊस’ची सुरुवात होय.

आबे पिएर हे त्या वेळी लोकसभासदही होते व त्या वेतनावर घर चाले. १९५१ साली सभासदत्व गेले, वेतन थांबले. तेव्हा घरातील मंडळी चिंध्या, रद्दी, मोडके सामान गोळा करून विकू लागली. १ फेब्रुवारी १९५४ रोजी, रस्त्यावर एक स्त्री थंडीने गारठून मेल्यानंतर, त्यांनी रेडिओवरून हाक दिली आणि पांघरुणांचे व देणग्यांचे ढीग लागले. आज ही चळवळ अनेक देशांत पसरली आहे. जुन्या सामानाची दुकाने हा तिचा कणा आहे.

तिथली रीत साधी आहे. आधी खोली, मग काम. कोणी टेम्पोने सामान आणतो, कोणी कपाटाचा मोडका पाय बसवितो, कोणी शिलाई घालतो, कोणी गल्ल्यावर बसतो. विक्रीतून त्यांचे जेवणखाण, निवारा व थोडा हातखर्च भागतो. शिल्लक राहिल्यास ती आणखी गरजूंसाठी. जो रस्त्यावर झोपत असे त्याला पत्ता मिळतो, वेळेवर उठण्याची सवय मिळते, आणि “हे कपाट मी दुरुस्त केले” असे म्हणता येते. गिऱ्हाईकही बहुधा बेताच्या मिळकतीचे. ते चार पैसे मोजून ताठ मानेने वस्तू नेते.

एक कटु गोष्टही सांगितली पाहिजे. २०२४ साली आबे पिएर यांच्यावर अनेक स्त्रियांशी गैरवर्तन केल्याचे गंभीर आरोप पुढे आले. ते झाकून न ठेवता संस्थेनेच बाहेरच्या तज्ज्ञांकडून चौकशी करवून अहवाल प्रसिद्ध केला. यावरून घ्यावयाचा धडा हा, की काम मोठे असले तरी माणसाची मूर्ती करू नये, आणि दुबळ्याच्या तक्रारीस नेहमी दार उघडे ठेवावे.

आमच्या धर्मात जकातीच्या हक्कदारांत वाटसरूचीही गणना आहे. बेघर हा असा वाटसरू की ज्याचा मुक्कामच हरवला आहे. त्याला शिदोरी हवीच. पण मुक्काम त्याहून हवा.

म्हणून विश्वस्तांस आमची विनंती आहे. येत्या वर्षी वाटपाचा समारंभ करू नये. त्या पैशांत एक गाळा घ्यावा आणि बेघरांपैकी दोघांना आधी खोली, मग रीतसर पगार देऊन तेथे कामास लावावे. आपण सर्वांनी तेथे धुतलेले, बटणे शाबूत असलेले कपडे व वापरता येण्याजोगी भांडी पोहोचवावीत. जे आपण स्वतः घालणार नाही ते देऊ नये.

तो मुलगा आज कोठे आहे, आम्हांस ठाऊक नाही. कधी त्या दुकानापाशी आलाच, तर त्याने आपल्या पसंतीचा सदरा निवडावा, पैसे मोजावेत, आणि टाळी कोणीही वाजवू नये, एवढीच आमची इच्छा आहे.