या आठवड्यात काय बघाल?

एकेकाळी दूरदर्शनवर ‘साप्ताहिकी’ लागायची आणि येत्या आठवड्यात काय बघायचं, ते घरबसल्या ठरायचं. आता निवड आपली आपणच करायची. म्हणून या काही शिफारशी.

फिल्म्स डिव्हिजनचा 1967 सालचा ‘आय ॲम 20’ हा माहितीपट जरूर बघा. दिग्दर्शक एस. एन. एस. शास्त्री. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेले तरुण-तरुणी थेट कॅमेऱ्यासमोर बोलतात. कुणी उमेदीनं, कुणी तिरकसपणे. संगीतप्रेमींसाठी जब्बार पटेल यांचा कुमार गंधर्वांवरचा ‘हंस अकेला’ आहे. इतिहासाची आवड असेल, तर श्याम बेनेगल यांची 53 भागांची ‘भारत एक खोज’ ही मालिका आहेच. तिच्यात शिवाजी महाराजांच्या भूमिकेत नसीरुद्दीन शाह, तर औरंगजेबाच्या भूमिकेत ओम पुरी आहेत.

आपल्या मातीतलं काही हवं, तर सह्याद्री वाहिनी लावा. ‘आमची माती आमची माणसं’ या कार्यक्रमानं शेतीची माहिती घराघरांत पोहोचवली. डीडी फ्री डिशवर ही वाहिनी दिसते आणि त्याला महिन्याचं भाडं नाही. मोबाइलवर बघणाऱ्यांसाठी प्रसार भारतीचं ‘वेव्हज’ ॲप आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्यात ते सुरू झालं.

तेव्हा वेळापत्रक आधी बघून ठेवा, आणि घरातल्या मुलांनाही सोबत बसवा!